देणाऱ्याचा हात

मराठी ख्रिस्ती मंडळीत 'वचन' हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक अर्थ पवित्र शास्त्रातल्या ओळीचा. दुसरा अर्थ माणसाने मंडळीला दिलेल्या शब्दाचा: वर्षभर अमुक वेळ प्रार्थना करीन, अमुक सेवा करीन आणि मिळकतीतला अमुक भाग देईन. मी राहतो त्या खांदा कॉलनीत आणि आसपासच्या नवीन पनवेलमध्ये सिडकोच्या इमारती उभ्या राहिल्या तशी देशभरातून माणसे आली आणि आपापले देवही घेऊन आली. मल्याळी, तमिळ, मराठी अशा लहानमोठ्या ख्रिस्ती मंडळ्या दर रविवारी कुठे स्वतःच्या वास्तूत, तर कुठे भाड्याच्या हॉलमध्ये जमतात. त्यांतल्या एका मराठी मंडळीचे छापील वचनपत्र माझ्या पाहण्यात आले. त्यावर तीन रकाने होते: प्रार्थना, सेवा, दान. खाली सहीची जागा.

मी जन्माने ख्रिस्ती नाही आणि इतिहासाचा प्राध्यापकही नाही. तळोजा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी वर्षानुवर्षे हिशेबाच्या वह्या लिहिल्या. वहीत रकाना असतो तो मोजता येणाऱ्या गोष्टीचा. इथे तीनपैकी एकच रकाना रुपयांत मोजता येण्याजोगा होता आणि तोही शेवटचा. हे तीन रकाने एका कागदावर कसे आले, या साध्या कुतूहलापोटी मी अमेरिकन मराठी मिशनचे जुने अहवाल, 'ज्ञानोदय'चे अंक आणि पंडिता रमाबाईंविषयीचे साहित्य वाचू लागलो. या वाचनातून जे हाती लागले ते असे, की मराठी मुलखात या वचनाचा इतिहास पैशाच्या इतिहासापेक्षा देणाऱ्याच्या जागेचा इतिहास आहे. देणारा कोण आणि घेणारा कोण, हे एकदा ठरले की प्रार्थना कोणाची आणि सेवा कोणाची हेही ठरून जाते.

सोमवारची प्रार्थना, सोमवारची वर्गणी

अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे मिशनरी १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. १८३१ च्या अखेरीस अहमदनगरला मिशनचे ठाणे झाले. १८४२ मध्ये तिथूनच 'ज्ञानोदय' सुरू झाले. शाळा, छापखाना, मिशनऱ्यांचे पगार, शिक्षकांचे पगार या सगळ्याचा पैसा समुद्रापलीकडून येई. तो कोणा एका धनिकाच्या तिजोरीतला नव्हता. न्यू इंग्लंडमधल्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी लोक परदेशातल्या मिशनसाठी प्रार्थनेला जमत, मिशनऱ्यांची पत्रे वाचली जात आणि त्याच बैठकीत वर्गणी गोळा होई. शेतकरी, दुकानदार, शिक्षिका, रविवारच्या शाळेतली मुले अशा सामान्यांची ती नाणी होती. प्रार्थना आणि पैसा यांची गाठ तिथे आधीच बसलेली होती. नगरच्या मंडळीला मात्र त्या व्यवहाराचे दुसरे टोकच दिसे, घेण्याचे.

ही अडचण सर्वांत आधी ओळखली ती बोर्डाच्या सचिवाने. रूफस अँडरसन १८५४ च्या अखेरीस पाहणीसाठी मुंबई आणि नगरला आला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: मंडळी लोकांची असेल तर तिचा पाळकही लोकांतलाच हवा, त्याचा पगार लोकांनीच द्यावा आणि तो पगार लोकांच्या राहणीला झेपेल असा असावा. लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचा हेन्री व्हेन त्याच सुमारास हेच सांगत होता. स्वयंशासन, स्वावलंबन आणि स्वप्रसार ही त्रिसूत्री या दोघांच्या नावावर जमा आहे. अँडरसनच्या याच भेटीच्या काळात हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या दोघा मराठी माणसांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पाळक आपले झाले. आता त्यांच्या पोटाची व्यवस्था कोणी करायची, हा प्रश्न उरला.

बलुते घेणारा हात

नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत जे लोक मंडळीत आले, त्यांत महार समाजाची घरे सर्वाधिक होती. गावगाड्यात महार हा बलुतेदार. वेशीची राखण, सांगावे पोहोचवणे, सरकारी अंमलदारांची सरबराई, मेलेली जनावरे ओढणे ही त्याची कामे. त्याबद्दल सुगीला शेतकऱ्याच्या खळ्यावर जाऊन बलुते मागायचे आणि एरवी दारोदार भाकरी. बलुते हा हक्क होता हे खरे, पण तो हक्क हात पसरून वसूल करावा लागे. जो राबला तोच याचक ठरला. गावाच्या रचनेने या माणसाचा हात घेणाऱ्याचा करून ठेवला होता.

त्यात मिशन आले ते देणारे होऊन. शाळा दिली, औषध दिले, दुष्काळात काम दिले, अनाथ मुलांना आसरा दिला. १८७६ ते ७८ चा आणि पुढे १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ पडले, तेव्हा या मदतीने असंख्य जीव वाचले. पण गावाला नवा टोमणा मिळाला: पोटासाठी बाटले. मालक बदलला, हात तोच राहिला, असे म्हणायला लोक मोकळे झाले.

या पार्श्वभूमीवर मिशनच्या अहवालांतला एक रकाना मी पुन्हा पुन्हा वाचला. सभासद किती, बाप्तिस्मे किती, शाळा किती या आकड्यांच्या शेजारी तिथल्या मंडळ्यांनी स्वतः जमवलेली रक्कम रुपयांत दिलेली असते. अमेरिकेतून येणाऱ्या पैशापुढे ती नगण्य असते. ऑडिट करणारा माणूस तिच्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. पण ज्याने पिढ्यान्‌पिढ्या खळ्यावर उभे राहून मागितले, त्याने आपल्या वाट्याच्या जोंधळ्यातून मापटेभर जोंधळा पाळकासाठी बाजूला काढला, याचा तो आकडा आहे. व्यवहाराचे रूप बलुत्याचेच होते. सुगीला धान्य द्यायचे, वर्षभर सेवा घ्यायची. फक्त आता देणाऱ्याच्या जागी महार उभा होता.

शास्त्रातला दशमांश म्हणजे मिळकतीचा दहावा भाग. मराठी मंडळीने तो उचलला, पण त्याबरोबर आपल्या रीतीही आणल्या. कीर्तन ही तशीच एक रीत. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी नगरला ख्रिस्ती कीर्तन उभे केले आणि गळा असलेल्या माणसाला सेवेचा रकाना मिळाला. कापणीच्या सणाला आजही अनेक मंडळ्यांत धान्य, भोपळे, ऊस, कोंबड्या वेदीपुढे आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. दहा रुपयांची कोथिंबिरीची जुडी हसतखेळत शंभराला जाते. ज्याच्या घरी शेत नाही तोही बोली लावून देणाऱ्यांत सामील होतो.

एक डॉलर, दहा वर्षे

नगरच्या मंडळीची ही धडपड चालू असतानाच वचनाचा सर्वांत गाजलेला मराठी प्रसंग घडला, तो मात्र अमेरिकेत. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या होत्या. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकाभर व्याख्याने देत फिरल्या. उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी शाळा काढायची होती. त्यासाठी १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि गावोगाव 'रमाबाई सर्कल' नावाची मंडळे निघाली. सभासदाने द्यायचे वचन साधे होते: दरसाल निदान एक डॉलर, सलग दहा वर्षे.

हिशेबनीस म्हणून मला या योजनेचे कौतुक वाटते. भाषण ऐकून भारावलेला माणूस एकदा शंभर डॉलर देईल आणि विसरेल. दहा वर्षे एक डॉलर देणारा विसरत नाही. या वचनाच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षाअखेर ते पुण्याला हलले. तिथे शिकलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई जोशी, म्हणजे पुढच्या बाया कर्वे. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. १८९६ पासून अनाथ बालिकाश्रमासाठी कर्व्यांनी रुपया-दोन रुपयांच्या वर्गण्या जमवत पायपीट केली आणि बायाही आश्रमासाठी निधी गोळा करीत हिंडल्या. अनोळखी अमेरिकन स्त्रियांच्या डॉलरची ही मराठी नातवंडे म्हणायला हरकत नाही.

पण त्या वचनाला एक अट होती. शाळेत धर्मशिक्षण द्यायचे नाही. ज्याला त्याला आपापला धर्म पाळण्याची मोकळीक. न्यायमूर्ती रानडे, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर अशी माणसे सल्लागार मंडळात आली ती या अटीच्या भरवशावर. रमाबाई मात्र पहाटे आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही विद्यार्थिनी येऊन बसू लागल्या. पुण्यात गहजब झाला, 'केसरी'ने झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांनी अंग काढून घेतले आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या.

या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिले गेले आहे. रानडे-भांडारकरांचा आक्षेप पोकळ नव्हता: अट घालून पैसा घेतला असेल तर अटीचा अर्थ काटेकोर हवा. रमाबाईंचे म्हणणेही खोटे नव्हते: माझ्या खोलीतली प्रार्थना कोणी विकत घेतलेली नाही, मग मी दार का लावू? असोसिएशन शेवटी रमाबाईंच्या पाठीशी राहिली. मला या प्रसंगात वचनपत्राचे दोन रकाने एकमेकांना भिडलेले दिसतात. दानाने प्रार्थनेची हद्द आखावी का? पैसा परक्याचा असतो तेव्हा हा प्रश्न अटळ असतो.

जून १९०५

दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपली. रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि नवी असोसिएशन उभी राहिली. तोवर दुष्काळी मुलुखातून आणलेल्या शेकडो मुली आणि बायका पुण्याजवळच्या केडगावच्या शेतावर राहू लागल्या होत्या. तेच मुक्ती मिशन. इथला धर्म उघडपणे ख्रिस्ती होता आणि पैशाची रीतही बदलली. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरने माणसांपुढे याचना न करता केवळ प्रार्थनेवर अनाथाश्रम चालवला होता, त्याचा रमाबाईंवर खोल ठसा होता. मुक्तीच्या नियतकालिकाचे नावच मुळी 'मुक्ती प्रेअर बेल', प्रार्थनेची घंटा.

१९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी आश्रमातल्या बायकांपुढे एक मागणे मांडले: देशातल्या ख्रिस्ती लोकांच्या जीवनात खरा पालट व्हावा म्हणून रोज एकत्र प्रार्थना करायला कोण तयार आहे? सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या पाचशेंच्या वर गेली. जूनच्या अखेरीस मुक्तीत ज्या धार्मिक जागृतीला सुरुवात झाली, तिची दखल जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात घेतली जाते. नंतर या बायकांच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत फिरू लागल्या.

त्या सत्तर जणी कोण होत्या, इकडे मला लक्ष वेधायचे आहे. बहुतेक विधवा, अनाथ, दुष्काळातून उचलून आणलेल्या. त्यांच्या गाठी दमडी नव्हती. दानाचा रकाना त्यांच्यापुरता कोराच. वचन पैशांपुरतेच असते तर या बायका जन्मभर घेणाऱ्याच राहिल्या असत्या. प्रार्थनेच्या रकान्याने त्यांना देणाऱ्यांच्या रांगेत आणून उभे केले आणि तेही ज्यांच्या पैशावर त्या जगत होत्या त्यांच्या शेजारी. येशूने मंदिराच्या दानपेटीपाशी बसून एका गरीब विधवेकडे बोट दाखवल्याची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. केडगावच्या विधवांकडे तर तिच्याइतकीही नाणी नव्हती.

योगायोग असा, की त्याच जून महिन्यात, १२ तारखेला, पुण्यात गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. त्याच्या सभासदांना सात शपथा घ्याव्या लागत. देशाला पहिले स्थान द्यायचे, स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवायची नाही, संस्था देईल त्या निर्वाहावर समाधान मानायचे अशा त्या शपथा. आणि वर्ष संपता संपता, २५ डिसेंबर १९०५ रोजी, बंगालात सेरामपूर येथे नॅशनल मिशनरी सोसायटी निघाली. व्ही. एस. अझरय्या तिचे सचिव. माणसे भारतीय, पैसा भारतीय, व्यवस्था भारतीय ही तिची भूमिका. स्वदेशीच्या त्या वर्षी कापडाबरोबर वचनही स्वदेशी होत होते.

टिळकांनी पगार सोडला

सेवेच्या रकान्याची कसोटी पाहिली ती नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि पुढची बावीस वर्षे नगरच्या अमेरिकन मिशनमध्ये त्यांनी शिकवले, लिहिले, कीर्तने केली, 'ज्ञानोदय'ची मराठी बाजू सांभाळली. मराठी मंडळी आज जी भजने गाते त्यांत टिळकांची फार मोठी संख्या आहे. घरात पैसा टिकत नसे. समोरच्याला गरज दिसली की टिळक हातचे देऊन मोकळे होत, आणि मग चूल कशी पेटायची याची विवंचना लक्ष्मीबाईंची. 'स्मृतिचित्रे'च्या वाचकाला हे नव्याने सांगायला नको.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला असा दोघांनाही त्या दरबारात प्रवेश होता. मिशनशी भांडून ते बाहेर पडले असे नाही. मिशनऱ्यांतले कित्येक त्यांचे जिवलग होते. पण मिशनरी हा मायबाप आणि हिंदी ख्रिस्ती हे त्याचे लेकरू, ही मांडणी त्यांना सलत होती. पगार घेऊन केलेल्या प्रचाराला लोक नोकरी समजतात, आणि भक्ती नोकरी दिसू लागली की मराठी माणसाचे कान बंद होतात, हे कीर्तनकार टिळकांनी अनुभवाने ओळखले होते. तुकोबांच्या मुलखात देवाच्या कामाचे वेतन हा खुपणारा विषय आहे. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले. दरबाराला जेमतेम दीड-पावणेदोन वर्षे मिळाली.

टिळकांसारखा एखादाच पगार सोडू शकतो. खेड्यातल्या पाळकाला चार मुले असत आणि त्याला पगार हवाच होता. म्हणून टिळकांच्या कृतीतून पाळकांनी उपाशी राहावे असा अर्थ कोणी काढू नये. त्यांनी दाखवले ते एवढेच, की सेवेची किंमत परक्या खजिन्यातून चुकती होते तेव्हा सेवा आपली वाटत नाही. तीच गोष्ट अझरय्या यांनी १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत वेगळ्या प्रकारे सांगितली होती. मिशनऱ्यांचा त्याग त्यांनी मानला आणि वर त्यांच्याकडे मैत्री मागितली. मैत्रीत देणेघेणे दोन्ही बाजूंनी चालते.

विसावा भाग

या सगळ्याचा शेवट चर्चच्या आवारात होत नाही. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरच्या भाषणात आपल्या लोकांना सांगितले, की प्रत्येकाने मिळकतीचा विसावा भाग धम्माच्या कार्यासाठी द्यावा. ज्या समाजातून नगरच्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्याच समाजाला हे आवाहन होते. दहावा भाग की विसावा, येशू की बुद्ध, हा फरक मोठाच आहे. पण बलुत्यासाठी पसरलेला हात उलटा करायचा, हा दोन्हीकडचा धागा एकच दिसतो. आपल्या देवस्थानाचा, विहाराचा, शाळेचा खर्च आपण उचलतो असे म्हणणारा माणूस गावात निराळ्या पावलांनी चालतो.

वचनपत्राला काळी बाजू नाही असे नाही. वर्गणीदारांची यादी सर्वांसमोर वाचली की गरिबाची मान खाली जाते. जास्त दिलेस तर देव दुपटीने परत करील, असे सांगून कर्जबाजारी माणसाचा खिसा उलटा करणारे उपदेशक सर्व धर्मांत आहेत. दानाचा रकाना मोठा होऊन बाकीचे दोन गिळतो तेव्हा हे घडते. १८९३ च्या पुण्यात पैशाने प्रार्थनेचे दार लावू पाहिले. मिशनच्या काळात पैशाने सेवेला नोकरी केले. उलट, प्रार्थना आणि सेवा तोंडी राहिल्या आणि दान शून्य असले, तर पाळकाचे घर उपाशी राहते आणि खर्चासाठी पुन्हा समुद्रापलीकडे पाहावे लागते. तीन रकाने एका कागदावर असतात ते एकमेकांवर लक्ष ठेवायला.

पनवेल गावात १८४९ सालचे बेने इस्राएलांचे बेथ एल सिनेगॉग आहे. मूठभर लोकांनी उभारलेले प्रार्थनास्थळ या मातीला नवे नाही. खांदा कॉलनीतल्या लहान मंडळ्यांपुढचा प्रश्न आता अमेरिकन बोर्डाचा राहिलेला नाही. हॉलचे भाडे, पेटी-तबल्याची दुरुस्ती, आजारी सभासदाला दवाखान्यात नेणे, पाळकाच्या मुलाची फी हा त्यांचा संसार आहे. घरकाम करणारी बाई, कंपनीतला सुरक्षारक्षक, नुकतीच नोकरी लागलेली नर्स ही त्यांची माणसे. त्यांतल्या कोणाचा शेवटचा रकाना पाचशेचा असेल, कोणाचा पन्नासचा, कोणाचा कोराही असेल. पहिले दोन रकाने मात्र प्रत्येकाला भरता येतात आणि सही सर्वांची सारख्याच आकाराची असते. आयुष्यभर वह्या लिहूनही असा जमाखर्च मी दुसरीकडे पाहिला नाही, ज्यात शून्य रुपये देणाऱ्याचे नावही जमेच्याच बाजूला येते.